पत्रिकेतला ‘ऱ्हा’ आणि आमची डीटीपीची शाळा

२०२३ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या बाजूच्या चाळीतले एक गृहस्थ अचानक वारले. कारखान्यात फिटर होते, वय अवघे बावन्न. मागे पत्नी आणि एक मुलगी. ताई घरी शिवणकाम करतात. फॉल लावणे, ब्लाउज, शाळेचे गणवेश. मुलगी तेव्हा अकरावीत होती. पुण्यानुमोदनाचा दिवस ठरला. पत्रिकेचा मजकूर मुलीने मोबाईलवर स्वतः लिहिला, दोनदा वाचला आणि आम्हाला दाखवला. आम्ही एक स्वल्पविराम बदलला, बाकी सारे बिनचूक होते. मजकूर एका दुकानात व्हॉट्सअॅपवर पाठवला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोनशे पत्रिकांचा गठ्ठा घरी आला.

गठ्ठा सोडला तेव्हा आम्ही तिथेच बसलो होतो. पहिल्याच ओळीत ‘कालकथित’च्या जागी ‘कालकिथत’ छापले होते. खाली नाव. त्यांच्या आडनावात ‘ऱ्हा’ येतो. छापून आला होता ‘र्हा’. मुलगी काही बोलली नाही. ताईंनी पत्रिका हातात धरली आणि म्हणाल्या, “आयुष्यभर हजेरीपटावर नाव चुकीचं लागलं म्हणून भांडले ते. आता शेवटच्या कागदावर पण तेच.”

आम्ही तसेच उठून दुकानात गेलो. दुकानदाराचे उत्तर, “कॉम्प्युटरने केलं साहेब, मी काय करणार? अर्थ तर कळतो ना?” कार्यक्रम परवावर होता. पुन्हा छापायला वेळ नव्हता, पैसेही नव्हते. होत्या त्याच पत्रिका वाटल्या. साठ-सत्तर उरल्या त्या ताईंनी फेकल्या नाहीत. कोऱ्या बाजूवर आजही गिऱ्हाइकांची मापे लिहितात.

‘कॉम्प्युटरने केलं’ हे वाक्य आम्ही कारकुनीच्या नोकरीत वीसेक वर्षे ऐकत आलो आहोत. पगारातून दोन वेळा कपात झाली तरी कॉम्प्युटरने केलेले असते. बी.कॉम. झालेल्या माणसाला एवढे नक्की कळते की जमाखर्च चुकला तर दोष वहीचा नसतो, लिहिणाऱ्याचा असतो. पण ह्या खेपेला नेमके काय चुकले ते आम्हाला सांगता येईना, आणि ती रुखरुख लागून राहिली.

मग शोध घेतला. उत्तर फार अवघड नाही, पण ते दुकानातल्या मुलालासुद्धा कोणी सांगितलेले नसते. पूर्वी छापखान्यात शिशाचे खिळे जुळवून मजकूर तयार होई. १९८५ साली ‘पेजमेकर’ नावाचा कार्यक्रम निघाला आणि कॉम्प्युटरवरच पान लावण्याची सोय झाली. तेच डीटीपी, म्हणजे डेस्कटॉप पब्लिशिंग. पुढे पुण्याच्या सी-डॅकची ‘आयएसएम’, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्री-लिपी’ अशा सोयींमुळे मराठीही त्यावर उमटू लागली. नव्वदच्या दशकात आपल्याकडची लग्नपत्रिका, हँडबिले, स्मरणिका ह्याच मार्गाने निघाल्या. मात्र त्या जुन्या फाँटांची एक मेख होती. इंग्रजी अक्षरांसाठी ठेवलेल्या खणांत त्यांनी मराठी अक्षरांचे तुकडे बसवले होते. फाँट काढून घेतला की खाली इंग्रजीचा नुसता कचरा. एका कंपनीचा फाँट दुसरीला कळत नसे.

१९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली. त्यात जगातल्या लिप्यांना, देवनागरीलाही, प्रत्येक अक्षरागणिक स्वतःचा क्रमांक मिळाला. आज मोबाईलवर आपण जे मराठी लिहितो ते युनिकोड. युनिकोडमध्ये ‘थि’ साठवताना आधी थ आणि मागून ऱ्हस्व वेलांटी, म्हणजे आपण उच्चारतो तसे. जुन्या फाँटात आधी वेलांटी आणि मग थ, म्हणजे डोळ्यांना दिसते तसे. दुकानात अजूनही जुना फाँट होता. मोबाईलचा मजकूर त्याने ‘कन्व्हर्टर’मधून काढला. कन्व्हर्टरने वेलांटी उचलून पुढे नेताना एक घर जास्त नेली, ती ‘थ’ सोडून ‘क’ला लागली. ‘ऱ्हा’मधला अर्धा र त्याला ओळखताच आला नाही, म्हणून त्याने त्याचा रफार केला. हिंदीत हा अर्धा र लागत नाही, आपल्याला पावलोपावली लागतो. कऱ्हाड, तऱ्हा, सुऱ्या, दुसऱ्या, साऱ्या. एकदा प्रूफ वाचले असते तर दोन्ही चुका दहा सेकंदांत सापडल्या असत्या. प्रूफ कोणी दाखवलेच नाही, आणि आम्हीही मागितले नाही. ती चूक आमची.

वाचकहो, ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला आणि ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’, तेव्हा एकेक खिळा हाताने उचलून ओळ उभी राहत होती. आज घरोघरी हातात मोबाईल आहे आणि आपलेच नाव आपल्याला नीट छापून मिळत नाही, हे काही आमच्या मनाला पटेना.

वाचनालयातले दोन कॉम्प्युटर

त्याच वर्षी दिवाळीनंतर आम्ही वस्तीच्या वाचनालयात संध्याकाळी आठ ते दहा अशी शिकवणी सुरू केली. शिकवणी म्हणायची, पण शिकवणारा कोणी नव्हता. एका कंपनीने मोडीत काढलेले दोन कॉम्प्युटर साडेसात हजारांना मिळाले. पैसे वर्गणीतून. पहिल्या दिवशी पाच जण आले: ताई, त्यांची मुलगी, कुरिअरचे काम करणारा एक तरुण, आम्ही, आणि बहात्तर वर्षांचे एक काका. काकांनी उमेदीची सारी वर्षे छापखान्यात कंपोझिटर म्हणून काढली. खिळे गेले तसे त्यांचे कामही गेले. “मला माउस धरता येत नाही, पण पान वाकडं झालं तर सांगीन,” असे म्हणून ते खुर्ची ओढून बसले. पुढे आमचे खरे मास्तर तेच ठरले.

आमच्या वस्तीत एमएस-सीआयटी केलेली मुले-मुली घरोघरी आहेत. ते पहिले पाऊल चांगलेच आहे. अर्ज टाइप करता येतो, प्रिंट काढता येते. पण छत्तीस पानांची पुस्तिका लावा म्हटले की सारे अडते. ह्या मधल्या पायरीबद्दलच आम्हाला सांगायचे आहे.

कोणता कार्यक्रम वापरायचा ह्यावर दोन संध्याकाळी वाद झाला. पेजमेकरची शेवटची ७ क्रमांकाची आवृत्ती २००१ साली निघाली, त्याला युनिकोड कळत नाही, तेव्हा तो बाद. त्याच्या जागी आलेला ‘इनडिझाइन’ उत्तम आहे, पण त्याचे भाडे महिन्याच्या महिन्याला भरावे लागते. तरुण म्हणाला, “काका, कोरलड्रॉची फुकटची सीडी मिळते की.” चोरीची प्रत वापरायची नाही असे आम्ही आधीच ठरवले होते. वाचनालयाच्या भिंतीवर ज्यांची तसबीर आहे त्यांच्यासमोर बसून ते जमले नसते. शेवटी साधा मजकूर, अर्ज आणि तक्ते ह्यांसाठी ‘लिबरऑफिस रायटर’ आणि पाने लावायला ‘स्क्रायबस’ असे ठरले. दोन्ही मोफत आणि रीतसर. स्क्रायबसच्या जुन्या १.४ आवृत्तीत मराठी जोडाक्षरे फुटत. २०२४ च्या सुरुवातीला आलेल्या १.६ आवृत्तीत ती नीट लागतात. तोवर आम्ही त्याची कच्ची चाचणी आवृत्ती वापरून काम भागवले. ज्यांच्या ऑफिसात इनडिझाइन आहे त्यांनी एक लक्षात ठेवावे: परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडल्याखेरीज त्यातही वेलांट्या आणि जोडाक्षरे विस्कटतात.

आधी टाइपिंग. आम्ही स्वतः १९९६ साली मराठी टंकलेखनाची मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा मशीनवर पास झालो. त्या बोटांना नवा कळफलक शिकवणे म्हणजे डाव्या हाताने जेवण्यासारखे. पण इनस्क्रिप्ट कळफलकाची मांडणी फार शहाणपणाची आहे. स्वर आणि काने-मात्रे डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या हाताला. दोन्ही हात आलटून पालटून चालतात. पाय मोडायचा तर इंग्रजी ‘डी’ची कळ. आणि तो ‘ऱ’? शिफ्ट दाबून इंग्रजी ‘जे’. शिफ्टसह ‘जे’, मग ‘डी’, मग ‘यू’वरचा ह, मग काना. झाला ‘ऱ्हा’. पहिल्या आठवड्यात ताईंनी हे एकच अक्षर वहीभर लिहावे तसे पानभर टाइप केले. आम्ही कोणी त्यांना पुढचा धडा घ्या म्हटले नाही. महिन्याभरात मिनिटाला पंधरा शब्दांवर आल्या. शिवणयंत्रावर पाय आणि हात वेगवेगळे चालवायची सवय असल्यामुळे असेल, त्यांची बोटे आमच्यापेक्षा लवकर वळली.

लिबरऑफिसमध्ये एका गोष्टीने आम्हाला आठ दिवस छळले. मजकूर निवडून अक्षराचा आकार बदलला तरी मराठी जागची हलेना. कारण असे की इंग्रजी लिपी आणि आपल्यासारख्या लिप्या ह्यांचे फाँट तिथे वेगवेगळे नोंदवलेले असतात. आपल्या लिपीच्या रकान्याला ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ असे भारी नाव आहे. तो रकाना आधी चालू करून त्यात आपला फाँट आणि ‘मराठी’ भाषा निवडायची. ‘हिंदी’ ठेवली तर काही फाँटांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे उमटतात. आपला ल आणि आपला श कसा असावा ह्याबद्दल महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २००९ मध्ये शासन निर्णयही काढला आहे. विंडोजमधला ‘मंगल’ फाँट मुंबईचे सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला. पडद्यावर वाचायला तो ठीक आहे, पुस्तिकेला मात्र दुसरा घ्यावा. आम्ही मजकुराला ‘टिरो देवनागरी मराठी’ आणि मथळ्यांना मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्त’ घेतला. दोन्ही मोफत मिळतात. तरुणाला प्रत्येक मथळ्याला वेगळा फाँट हवा होता. काका म्हणाले, “एका लग्नात सात बँड लावतोस का?”

शिशाच्या पट्ट्या

काकांनी दिलेला मोठा धडा ओळींमधल्या अंतराचा. खिळ्यांच्या काळात दोन ओळींमध्ये शिशाच्या पातळ पट्ट्या घालत, म्हणून इंग्रजीत त्याला ‘लेडिंग’ म्हणतात. कॉम्प्युटरवर तो एक आकडा झाला आहे. इंग्रजीत बारा पॉइंटच्या अक्षराला चौदा-साडेचौदा अंतर पुरते. मराठीत वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार आणि खाली उकार. अंतर कमी पडले की वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेला जाऊन भिडतो. आम्ही तीन पाने छापून शेजारी शेजारी ठेवली: पंधरा, सतरा, अठरा. काकांनी चष्मा काढून पान लांब धरले आणि बारा पॉइंटला अठरा ठरवले. आमच्या घरी सासूबाईंनी तेच पान चष्म्याशिवाय वाचले, तेव्हा शंका उरली नाही.

दुसरे, मराठी अक्षरे ओढून लांबवू नयेत. इंग्रजी मथळ्यात अक्षरे सुटी सुटी ठेवतात ते बघून तरुणाने ‘स्मरणिका’ शब्द फाकवला. शिरोरेषा तुटली आणि कवळीतले दात पडावेत तसा तो शब्द दिसू लागला.

तिसरी गोष्ट स्टाइलची, आणि आमच्या मते सगळ्यांत मोठी. आपण काय करतो? मथळा निवडला, ठळक केला, अठराचा केला, मधोमध आणला. पुढचा मथळा आला की पुन्हा तेच. वीस मथळे झाल्यावर कोणी म्हणाले की जरा लहान करा, की वीस वेळा मरण. त्याऐवजी ‘मथळा’ नावाची स्टाइल एकदा ठरवायची आणि वीसही मथळ्यांना तीच लावायची. मग एका जागी बदल केला की वीस ठिकाणी आपोआप होतो. ताईंना हे लगेच कळले. “म्हणजे फर्मा कापून ठेवायचा आणि त्यावर गणवेश बेतायचे,” असे त्या म्हणाल्या. स्टाइलमुळे अनुक्रमणिकाही आपोआप तयार होते, पान हलले की आकडाही हलतो. पानाच्या कडा, पान क्रमांक, वरची रेघ हे ‘मास्टर पेज’वर एकदाच ठेवायचे. ए-फाइव्ह पान १४८ मिलिमीटर रुंद असते. पुस्तिका मध्ये पिन मारून शिवलेली असते, म्हणून आतली कड जास्त हवी. आम्ही आत १८ आणि बाहेर १४ सोडले, मजकुराला ११६ उरले.

आमच्या कारकुनी बंधू-भगिनींना इथे एक विनंती. तक्त्यात आकडे सरळ रेषेत आणण्यासाठी स्पेसबार बडवत बसू नका. ऑफिसात आम्ही स्वतः हे पाप पुष्कळ वर्षे केले. दुसऱ्या मशीनवर फाइल उघडली की सारे आकडे दारू प्यायल्यासारखे कलतात. टॅबची जागा ठरवता येते. दशांश टॅब लावला की रुपयाखाली रुपया आणि पैशाखाली पैसा आपसूक उभा राहतो. वाचनालयाचा जमाखर्च आम्ही असा छापून लावला तेव्हा सभेत पहिल्यांदाच कोणी आकड्यांवरून भांडले नाही. (भांडण चहाच्या खर्चावरून झाले, तो भाग वेगळा.)

परिच्छेदाची शेवटची एकच ओळ पुढच्या पानावर एकटी गेली तर ते वाईट दिसते, तीही आवरण्याची सोय कार्यक्रमात असते. इंग्रजी धंद्यात अशा ओळीला ‘विडो’, म्हणजे विधवा, म्हणतात. आम्ही पुस्तकातून वाचून दाखवता दाखवता थांबलो. ताई म्हणाल्या, “आपण सुटी ओळ म्हणू.” तेव्हापासून आमच्याकडे ती सुटी ओळ आहे.

जयंतीची स्मरणिका

१४ एप्रिल २०२४ च्या जयंतीसाठी मंडळाची स्मरणिका आम्ही लावू, असे मार्चमध्ये बोलून बसलो. मजकूर चौतीस पानांचा भरला. काका म्हणाले, “चौतीस कोणी छापत नाही.” पिन मारलेल्या पुस्तिकेची पाने चारच्या पटीत असावी लागतात, कारण एक कागद दुमडला की चार पाने होतात. म्हणजे छत्तीस. पण छापखान्यातला फर्मा सोळा पानांचा. बत्तीस पाने दोन फर्म्यांत बसतात, छत्तीसला उरलेल्या चार पानांसाठी वेगळी छपाई आणि वेगळा खर्च. दोन पाने कमी करायची ठरली. कोणती? मंडळाचे म्हणणे, विद्यार्थ्यांच्या कविता काढा. आमचे म्हणणे, पुढाऱ्यांच्या फोटोंची शुभेच्छांची पाने काढा. मंडळाची बैठक रात्री साडेबाराला संपली. कविता राहिल्या. दोन पुढारी अजून आमच्याशी बोलत नाहीत.

फोटोंनी आमचा घाम काढला. सारे फोटो व्हॉट्सअॅपवरून आलेले. पाठवताना तिथे फोटो दाबून लहान केला जातो. मोबाईलवर सुरेख, छापला की धुरकट. हिशेब सोपा आहे: छपाईला एका इंचात तीनशे ठिपके लागतात. फोटो १२०० ठिपके रुंद असेल तर १२०० भागिले ३००, म्हणजे चार इंच. त्याहून मोठा ताणला की फाटतो. ह्यावर उपाय म्हणजे फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगणे, तसा तो जसाच्या तसा येतो. मुलीने प्रत्येक फोटोचे ठिपके वहीत लिहून त्यापुढे इंच मांडले. तो कागद आजही वाचनालयाच्या फळ्यावर टाचलेला आहे.

मग रंग. मुखपृष्ठ तरुणाने केले होते, गडद निळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे. पडद्यावर बघून सगळे खूश. नमुन्याची एक प्रत काढली तर निळा कुठला, चक्क जांभळा! चौदा एप्रिलला जांभळे मुखपृष्ठ घेऊन वस्तीत जायची आमची काही हिंमत नव्हती. कारण असे कळले की पडदा प्रकाशाने रंग दाखवतो, लाल, हिरवा आणि निळा मिसळून. छपाई शाईने होते, आकाशी, गुलाबी, पिवळी आणि काळी. निळा रंग आकाशी आणि गुलाबी शाईतून होतो. दोन्ही शंभर टक्के टाकल्या की गुलाबी वरचढ होऊन जांभळा दिसतो. आकाशी शंभर ठेवून गुलाबी साठवर आणली. दुसरा नमुना आला तेव्हा काका नुसते “हां” म्हणाले. मजकुराचा काळाही तपासावा. तो एकट्या काळ्या शाईचा हवा. चारही शाया मिळून काळा झाला असेल आणि छापताना एखादी केसभर सरकली, तर बारीक अक्षरांना रंगीत सावली पडते.

मुखपृष्ठाचा रंग कागदाच्या कडेपर्यंत जाणार असेल तर तो कडेबाहेर तीन मिलिमीटर वाढवून ठेवावा. कापताना सुरी जराशी इकडेतिकडे होतेच, मग पांढरी चीर राहत नाही. शेवटी पीडीएफ करताना फाँट आत बसवले आहेत ना, एवढे पाहायचे. तसे केले की छापखान्यात तो फाँट असो वा नसो, आपले अक्षर बदलत नाही. कन्व्हर्टरचा प्रश्नच येत नाही. छापखान्यात दिली ती फक्त पीडीएफ.

प्रूफे तीन वेळा वाचली, तीही कागदावर, पडद्यावर नाही. एकाने मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने मूळ प्रतीवर बोट ठेवायचे, नावे शेवटून पहिल्यापर्यंत उलटी वाचायची. उलटी का? सरळ वाचताना मन पुढचे अक्षर आधीच धरून बसते, असे काका म्हणतात. एवढे करूनही स्मरणिकेच्या सतराव्या पानावर एका देणगीदाराच्या शंभर रुपयांचे हजार झाले. ते गृहस्थ मात्र तक्रार करायला आले नाहीत.

आता हिशेब. बाहेर विचारले तेव्हा पान लावण्याचे ८० रुपये आणि मुखपृष्ठाचे दीड हजार सांगितले होते. बत्तीस पानांचे २,५६० आणि दीड हजार मिळून ४,०६० रुपये वाचले. कॉम्प्युटरला साडेसात हजार गेलेले. म्हणजे पहिल्या स्मरणिकेअखेर आम्ही ३,४४० रुपये तोट्यात होतो, आणि विजेचे बिल धरलेलेच नाही. घरबसल्या महिना तीस हजार अशा जाहिराती ज्यांनी वाचल्या असतील, त्यांनी हा आकडा जवळ ठेवावा. तरुणाला मात्र एका छापखान्यात रात्रपाळीला काम मिळाले. मुलाखतीत त्याला जांभळ्याचा निळा कसा करतात तेच विचारले, असे तो सांगतो. तेव्हापासून त्याचे शिकवणीला येणे थांबले. ताईंकडे वस्तीतल्या वाढदिवसाच्या आणि नामकरणाच्या पत्रिका येऊ लागल्या. महिन्याला दोन-तीन, कधी एकही नाही. शिवणयंत्र त्यांनी बंद केलेले नाही, करूही नये.

२०२४ च्या पावसाळ्यात त्यांच्या यजमानांचा पहिला स्मृतिदिन आला. पत्रिका ताईंनीच लावली. आम्ही शेजारी बसलो होतो, हात लावला नाही. मजकूर आठ ओळींचा, पण त्यांना दोन संध्याकाळी लागल्या. ‘कालकथित’ लिहून झाल्यावर त्यांनी मुलीकडून ते उलटे वाचून घेतले. आडनावापाशी आल्या, शिफ्टसह ‘जे’, मग ‘डी’, मग ‘यू’, मग काना. पानावर एकच फोटो ठेवायचा होता. तो जुन्या मोबाईलवरून आलेला, अवघा ८०० ठिपक्यांचा. मुलीला तो मोठा हवा होता, अर्ध्या पानाएवढा. ताईंनी वहीत भागाकार केला आणि अडीच इंचांवर नेला नाही.